सामाईक यंत्र

विद्यापीठात एखादे नवे संशोधन केंद्र निघते तेव्हा त्याच्या स्थापनेची तारीख दप्तरात सापडते. तजवीज कोणी मांडली, मंजुरी केव्हा मिळाली, अनुदानाची पहिली रक्कम कोणत्या खात्यावर जमा झाली, हे सारे कागदोपत्री नोंदलेले असते. परंतु ज्या विद्येसाठी केंद्र काढावयाचे ती विद्याच जेव्हा अजून स्वतःच्या नावाने उभी राहिलेली नसते, तिचा अभ्यासक्रम नसतो, पदवी नसते, आणि तिच्यात पारंगत म्हणावा असा मनुष्यही कोठे शोधून सापडत नाही, तेव्हा केंद्र नेमके कोणत्या दिवशी जन्मास आले हे सांगणे कठीण जाते. जैववैद्यक माहितीशास्त्र, म्हणजे सजीवांच्या शरीराविषयी व रोगांविषयी साठत जाणाऱ्या ज्ञानाची मांडणी कशी करावी, ते जपावे कसे आणि त्यावरून अनुमाने कशी काढावीत याचा संगणकाच्या साहाय्याने विचार करणारे शास्त्र, हे अशाच विद्यांपैकी एक होय. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात या शास्त्राचे केंद्र कसकसे उभे राहिले त्याची हकीकत या प्रकरणासाठी मी निवडली आहे. तेथे यंत्रे आली आणि गेली, अनुदानाच्या मुदती भरल्या, पाट्या बदलल्या. टिकून राहिले ते बाहेरच्यांशी केलेला वाटणीचा करार आणि दोन्ही विद्यांत वावरू शकणारी माणसे. केंद्राचे खरे भांडवल हेच, असे माझे मत आहे.

या हकीकतीच्या मुळाशी जोशुआ लेडरबर्ग हे नाव आहे. जीवाणूही आपसांत आनुवंशिक द्रव्याची देवघेव करतात, ही गोष्ट त्यांनी १९४६ साली एडवर्ड टेटम यांच्या प्रयोगशाळेत दाखवून दिली, तेव्हा ते ऐन विशीत होते. आणि त्याबद्दल १९५८ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांना मिळाला, तेव्हा त्यांचे वय अवघे ३३ वर्षांचे होते. त्यानंतर लगेच स्टॅनफर्डमध्ये आनुवंशिकीचा विभाग उभारण्याचे काम त्यांनी पत्करले. तेथील वैद्यकीय महाविद्यालय पूर्वी सॅन फ्रान्सिस्को शहरात असे. ते १९५९ साली विद्यापीठाच्या मुख्य आवारात आणण्यात आले, आणि त्यामुळे वैद्य, रसायनज्ञ, गणिती व अभियंते एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आले. पुढे जे घडले त्यात या स्थलांतराचा वाटा किती मोठा होता, हे सहसा कोणी सांगत नाही. परंतु निरनिराळ्या विद्यांतील माणसे रोज एकमेकांच्या दृष्टीस पडल्याखेरीज त्यांच्यात सहकार्य जडत नाही, हा विद्यापीठांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

लेडरबर्ग यांच्या मनात संगणकाचा विचार शिरला तो मोठ्या आडवळणाच्या वाटेने, आणि त्या वाटेवर आपल्या देशातील एक मुक्काम आहे. १९५७ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाहून परतताना ते कलकत्त्यास आनुवंशिकीतज्ज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांच्याकडे उतरले. हॉल्डेन त्याच वर्षी इंग्लंड सोडून महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिले होते. रशियाचा पहिला स्पुतनिक आकाशात जाऊन महिनाभर झाला होता, रशियन क्रांतीला ४० वर्षे पूर्ण होण्याचा तो दिवस होता आणि त्या रात्री चंद्रग्रहणही होते. तेव्हा रशियन लोक या मुहूर्तावर चंद्रावर काही स्फोट घडवून आणतील काय, अशी चर्चा दोघांत झाली. लेडरबर्ग यांना त्यात निराळेच भय दिसले. अंतराळयाने धाडण्याच्या या चढाओढीत पृथ्वीवरील जंतू इतर ग्रहांवर जाऊन पोचले, तर तेथे मुळात जीवसृष्टी होती की नाही या प्रश्नाचे उत्तर कायमचे हातचे जाईल, हे ते भय. परत गेल्यावर त्यांनी हा विषय अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे नेला, पृथ्वीबाहेरील जीवशास्त्राचा पाया घातला, आणि अमेरिकी अंतराळ संस्थेच्या पैशावर स्टॅनफर्डमध्ये उपकरणे बनविणारी एक प्रयोगशाळा थाटली.

मंगळावर उतरलेल्या यंत्राने तेथील मातीतील द्रव्ये ओळखावयाची, तर त्यासाठी वस्तुमानमापक, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, हे उपकरण उपयोगी पडणार होते. या उपकरणात रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचे वजन नोंदवितात. त्या वजनांवरून मूळ रेणूची रचना ओळखणे हे अनुभवी रसायनज्ञाचे काम. अडचण अशी की, एकाच सूत्राच्या रचना कित्येक संभवतात. दहा कार्बन व बावीस हायड्रोजन अणू असलेल्या हायड्रोकार्बनाच्या रचना ७५ होतात. कार्बनांची संख्या वीस केली की त्या ३,६६,३१९ वर जातात, आणि तीस कार्बनांना तर चारशे कोटींच्याही पुढे. या साऱ्या रचना एकही न गाळता व एकही दुबार न मोजता क्रमाने मांडण्याची एक रीत लेडरबर्ग यांनी १९६४ च्या सुमारास तयार केली आणि तिला ‘डेंड्रल’ असे नाव दिले. परंतु साऱ्या शक्यता मांडता आल्या म्हणून त्यांतील खरी कोणती हे कळत नाही. अनुभवी मनुष्य नव्याण्णव टक्के शक्यता ज्या एका दृष्टिक्षेपात बाजूला सारतो, तो दृष्टिक्षेप यंत्राला कसा द्यावा, हा खरा प्रश्न होता.

तो घेऊन ते एडवर्ड फाइगेनबॉम यांच्याकडे गेले. कार्नेगी येथे हर्बर्ट सायमन यांच्या हाताखाली तयार झालेले हे संगणकशास्त्रज्ञ १९६५ साली, म्हणजे विद्यापीठात संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला त्याच वर्षी, स्टॅनफर्डला आले होते. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात पदवी घेतलेले ब्रूस ब्यूकॅनन पुढील वर्षी त्यांना येऊन मिळाले, आणि रसायनाची बाजू कार्ल जेरासी यांनी सांभाळली. संततिनियमनाच्या गोळीतील द्रव्य ज्या प्रयोगशाळेत प्रथम सिद्ध झाले तिचे प्रमुख हेच जेरासी. जीवशास्त्रज्ञ, संगणकज्ञ, तत्त्वज्ञ आणि रसायनज्ञ असे हे चौघे एका कामावर बसले, ही गोष्ट आज साधी वाटेल. परंतु त्या काळी विद्यापीठातील विभाग हे आपापल्या हद्दी राखून असलेल्या संस्थानांसारखे होते, आणि दुसऱ्याच्या हद्दीत केलेल्या कामाचे श्रेय आपल्या विभागात मिळण्याची शाश्वती कोणालाच नव्हती. त्यांच्या हाती जे सत्य लागले ते असे की, यंत्राचे सामर्थ्य तर्कपद्धतीच्या चातुर्यावर जितके अवलंबून असते त्याहून कितीतरी पट ते त्या विषयाच्या बारीकसारीक ज्ञानावर अवलंबून असते. कीटोनाचा रेणू कोणत्या बंधाशी तुटतो, कोणती वजने जोडीने येतात, ही माहिती रसायनज्ञाला ठाऊक असते, पण ती त्याने कधी मांडून दाखविलेली नसते. त्याच्यासमोर बसून, पुनःपुन्हा विचारून, ती एकेक नियमाच्या रूपाने लिहून काढावी लागते. या शास्त्राचा मुख्य उद्योग तेव्हापासून बराच काळ हाच राहिला.

याच वर्षांत वैद्यकीय महाविद्यालयापुरता एक सामाईक संगणक बसविण्याची खटपटही लेडरबर्ग करीत होते. राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अनुदानातून १९६६ साली तेथे आयबीएमचे ३६०/५० हे यंत्र आले व त्याचा कारभार ‘अ‍ॅक्मे’ या नावाने चालू झाला. प्रयोगशाळेतील उपकरणे तारांनी त्याला जोडलेली असत आणि अनेक संशोधक आपापल्या खोलीतून एकाच वेळी त्यावर काम करू शकत. महाविद्यालयातील शेकडो माणसांना संगणकाची सवय लागली ती या यंत्रावर. पण अनुदानाची मुदत संपत आली तसा, यंत्राचा खर्च वापरणाऱ्यांकडून शुल्क घेऊन भागवावा, हा हिशेबनीसांचा न्याय्य पण संशोधनाला घातक असा आग्रह पुढे आला. आणि १९७३ मध्ये ते काम विद्यापीठाच्या शुल्कावर चालणाऱ्या दुसऱ्या यंत्राकडे वर्ग झाले. ज्याचे फळ काय येईल ते सांगता येत नाही, अशा कामाला मिनिटामिनिटाचे भाडे परवडत नाही. हा धडा घेऊन लेडरबर्ग यांनी नवा मसुदा सिद्ध केला.

त्या मसुद्यातून डिसेंबर १९७३ मध्ये जे मंजूर झाले त्याला ‘सुमेक्स-एम’ म्हणत. नावाचा पहिला भाग स्टॅनफर्डच्या वैद्यकीय प्रयोगांच्या संगणकाचा आणि दुसरा वैद्यकातील कृत्रिम बुद्धिमत्तेचा. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा पीडीपी-१० हा संगणक वैद्यकीय केंद्रात बसविण्यात आला आणि टॉम रिंडफ्लाइश यांच्याकडे त्याची व्यवस्था सोपविण्यात आली. येथपर्यंत यात नवे काही नाही. नवे होते ते कराराचे कलम. यंत्राच्या कर्मचाऱ्यांना त्यांच्या कामासाठी जो भाग लागे तो वगळता, उरलेल्या शक्तीचा निम्मा वाटा स्टॅनफर्डचा आणि निम्मा देशातील इतर संस्थांचा, असे ठरविण्यात आले. आणि तो बाहेरचा वाटा कोणाला द्यावयाचा हे स्टॅनफर्डने एकट्याने ठरवू नये म्हणून बाहेरच्या तज्ज्ञांसह एक कार्यकारी समिती नेमण्यात आली, जिच्याकडे अर्ज येत, छाननी होत आणि मुदत घालून परवानगी दिली जाई. कालव्याचे पाणी ज्याप्रमाणे वरच्या गावाने आपल्याच शेतात मुरवावयाचे नसते, खालच्या गावांच्या पाळ्या राखून ठेवाव्या लागतात, तशी ही व्यवस्था होती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधनशाखेने उभारलेल्या अर्पानेट या संगणकजाळ्याला, तसेच टिमनेट या व्यापारी जाळ्याला, हे यंत्र जोडून देण्यात आले. तेव्हा पिट्सबर्गचा वैद्य किंवा न्यू जर्सीचा प्राध्यापक तीन-चार हजार किलोमीटरांवरून त्यावर काम करू लागला, आणि कामाबरोबर पत्रांची ये-जाही त्याच तारांवरून सुरू झाली. लष्करी संशोधनासाठी पसरलेल्या जाळ्यात वैद्यकाचा हा संगणक इतक्या लवकर येऊन बसला, ही माझ्या मते त्या मसुद्यातील सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट होय.

या केंद्रातील ज्या कामाने जगाचे लक्ष वेधले ते म्हणजे ‘मायसिन’. डॉक्टरांना सल्ला देणारा हा प्रोग्राम रचणारे एडवर्ड शॉर्टलिफ हे हार्वर्डला गणित शिकून, मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील संगणक प्रयोगशाळेचा अनुभव घेऊन, १९७० साली स्टॅनफर्डला वैद्यकीचे विद्यार्थी म्हणून आले. वैद्यकीची पदवी घेता घेताच संगणकावरही प्रबंध लिहावा, असा त्यांचा बेत होता; पण तशी पदवी देणारा विभाग विद्यापीठात नव्हता, म्हणून निरनिराळ्या विभागांतील प्राध्यापकांची खास समिती बसवून त्यांच्यासाठी अभ्यासाची आखणी करण्यात आली. ब्यूकॅनन त्यांचे संगणकातील मार्गदर्शक झाले, औषधशास्त्राची बाजू स्टॅन्ली कोहेन यांनी आणि संसर्गरोगांची स्टँटन अ‍ॅक्सलाइन यांनी पाहिली. यांतील कोहेन यांनी याच सुमारास हर्बर्ट बॉयर यांच्यासह जनुके जोडण्याची कृती शोधून काढली, हे वाचकांपैकी पुष्कळांना माहीत असेल.

मायसिनचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. रक्तात जंतुसंसर्ग झालेला रोगी अत्यवस्थ असतो. प्रयोगशाळेत जंतू वाढवून त्याची जात निश्चित करण्यास दिवस-दोन दिवस लागतात. तेवढा वेळ थांबणे धोक्याचे, म्हणून अपुऱ्या माहितीवर प्रतिजैविक द्यावे लागते. अशा वेळी तरुण डॉक्टर टंकयंत्रासारख्या टर्मिनलसमोर बसे. यंत्र प्रथम रोग्याचे नाव, वय आणि लिंग विचारी. मग नमुना शरीराच्या कोणत्या भागातून घेतला, तो केव्हा घेतला, ग्रॅमच्या रंगाने जंतूला कोणता रंग चढला, त्याचा आकार गोल की दंडासारखा, असे एकेक प्रश्न कागदावर उमटत जात. जे ठाऊक नसेल तेथे डॉक्टरने ‘ठाऊक नाही’ असे कळविले तरी यंत्र अडून बसत नसे. एखादा प्रश्न अप्रस्तुत वाटला, तर डॉक्टर ‘का?’ असा शब्द छापी. की लगेच यंत्र ज्या नियमाच्या पूर्ततेसाठी तो प्रश्न पडला होता तो नियम सरळ वाक्यात दाखवी. त्यांतील एक नियम पुढील आशयाचा होता: संसर्ग मूळचा रक्तातलाच असेल, नमुना एरवी निर्जंतुक असणाऱ्या जागेतून घेतलेला असेल आणि जंतूंचा शिरकाव पचनमार्गातून झाल्याचा संशय असेल, तर हा जंतू बॅक्टेरॉइडिस असण्यास पुरावा आहे, आणि त्या पुराव्याचे वजन ०.७ धरावे. हे वजन उणे एकपासून अधिक एकपर्यंत असे, आणि अनेक नियमांची वजने एकत्र करून शेवटचा कौल लागे. मग रोग्याला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, त्याची मूत्रपिंडे कितपत काम करतात, हे विचारून औषध व त्याची मात्रा सुचविली जाई.

हे नियम शेकड्यांनी होते आणि त्यांतील प्रत्येक नियम कोणातरी डॉक्टराशी बोलून, रुग्णाच्या हकीकती समोर ठेवून, वाद घालून लिहिलेला होता. दर आठवड्याच्या बैठकीत डॉक्टर व संगणकवाले समोरासमोर बसत. डॉक्टर म्हणे, अशा रोग्यास मी हे औषध देईन. संगणकवाला विचारी, हे तुम्ही कशावरून ठरविले. आणि त्या ‘कशावरून’च्या उत्तराला पुष्कळ वेळा मूळ डॉक्टरलाही विचार करावा लागे. वर्षानुवर्षे हातात मुरलेले कौशल्य अशा रीतीने उघड्यावर, दुसऱ्याने तपासावे अशा स्थितीत, प्रथमच येत होते, आणि आपल्याच ज्ञानाची अशी तपासणी करू देणाऱ्या त्या डॉक्टरांच्या मोठेपणाबद्दल मला फार आदर वाटतो.

मायसिनची परीक्षाही तितक्याच सचोटीने घेतली गेली. मेंदूच्या आवरणाचा दाह झालेल्या दहा रोग्यांची माहिती मायसिनला, स्टॅनफर्डच्या पाच संसर्गरोगतज्ज्ञ प्राध्यापकांना, त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांना आणि एका विद्यार्थ्याला देण्यात आली. आणि आलेले सारे सल्ले, कोणता कोणाचा हे न कळविता, इतर संस्थांतील आठ तज्ज्ञांकडे पाठविण्यात आले. १९७९ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार मायसिनच्या सल्ल्यांपैकी ६५ टक्के ग्राह्य ठरले, आणि प्राध्यापकांचे प्रमाण ४२.५ ते ६२.५ टक्क्यांच्या दरम्यान भरले. असे असूनही मायसिन रोजच्या रुग्णसेवेत कधीच रुजू झाले नाही. एका सल्ल्यासाठी अर्धा अर्धा तास प्रश्नांची उत्तरे छापीत बसणे रुग्णालयात परवडत नव्हते. रोग्याच्या कागदांत आधीच लिहिलेली माहिती यंत्राला पुन्हा सांगावी लागे. आणि विद्यापीठाच्या संशोधनाचे सामाईक यंत्र वॉर्डातल्या कामासाठी हवे तेव्हा मोकळे असेल अशी हमी कोणी देऊ शकत नव्हते. अचूक सल्ला देणे आणि तो सल्ला माणसांच्या कामाच्या ओघात बसविणे या दोन स्वतंत्र विद्या आहेत, हे या प्रयोगाने पक्के झाले. या दुसऱ्या विद्येची उपेक्षा केलेल्या किती तरी योजना पुढे जगभर कपाटात पडल्या.

दरम्यान बाहेरचा निम्मा वाटा सत्कारणी लागत होता. पिट्सबर्गचे जॅक मायर्स हे अंतर्गत रोगांचे विख्यात निदानतज्ज्ञ; संगणकज्ञ हॅरी पोपल व वैद्यकीचे विद्यार्थी रँडॉल्फ मिलर यांच्यासह त्यांनी आपले सारे ज्ञान ‘इंटर्निस्ट’ या प्रोग्राममध्ये ओतले. १९८२ साली त्याची हकीकत छापून आली तेव्हा त्यात ५०० हून अधिक रोग आणि ३,५५० लक्षणे यांचे परस्परसंबंध मांडलेले होते. रटगर्स विद्यापीठात सॉल अमारेल यांच्या गटाने काचबिंदूच्या रोगाची कारणपरंपरा मांडली. १९७५ पासून या साऱ्या गटांची वार्षिक संमेलनेही तेथे भरू लागली. स्टॅनफर्डच्या भिंतींत हे काम झाले नाही, तरी ते त्या केंद्राचे काम होते.

मात्र वाटणीचा प्रश्न एकदा बराच चिघळला. जनुकीय प्रयोगांची आखणी संगणकाकडून करविण्याचा ‘मोलजेन’ हा प्रकल्प स्टॅनफर्डमध्ये चालू होता, आणि त्यातून डीएनएच्या अक्षरमालिका तपासण्याची काही उपयुक्त साधने तयार झाली. १९८० च्या सुमारास इतर ठिकाणच्या जीवशास्त्रज्ञांना ती वापरता यावीत म्हणून ‘जेनेट’ या नावाचे एक पाहुण्यांचे खाते उघडण्यात आले. पाहुणे इतके आले की यजमानांना बसावयास जागा उरेना. त्यांत नुकत्याच निघालेल्या जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्यांची माणसेही होती, आणि त्याच प्रकल्पातील काही मंडळींनीही अशी साधने विकण्यासाठी एक कंपनी काढलेली होती. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या यंत्राचा फुकट वापर नफ्यासाठी काम करणाऱ्यांना द्यावा काय? १९८२ मध्ये कंपन्यांना त्या खात्याचे दार बंद करण्यात आले, आणि १९८४ मध्ये ‘बायोनेट’ या नावाने सार्वजनिक अनुदानावरील स्वतंत्र सेवा सुरू झाली, ती मात्र त्याच कंपनीच्या हाती चालविण्यास देऊन. हा निवाडा मला अर्धामुर्धाच योग्य वाटतो. गर्दी झाली म्हणजे गरज सिद्ध झाली, आणि गरज सिद्ध झालेली सेवा विद्यापीठांनी मिळून चालवावयास हवी होती. पण संशोधन म्हणून जन्मलेली गोष्ट नित्याची सेवा होते त्या क्षणी तिच्यासाठी कोणत्याच खात्यात तरतूद नसते, ही अडचण आजही तशीच आहे.

लेडरबर्ग १९७८ साली रॉकफेलर विद्यापीठाचे अध्यक्ष होऊन न्यूयॉर्कला गेले, आणि केंद्राची सूत्रे फाइगेनबॉम यांच्याकडे आली. पुढल्याच वर्षी शॉर्टलिफ प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि त्यांनी ‘ऑन्कोसिन’ हाती घेतले. कर्करोगावरील औषधोपचाराचे नियमपत्रक फार किचकट असते. रक्तातील पेशींची संख्या पाहून दर भेटीला मात्रा बदलावी लागते. मायसिनचा अनुभव ताजा असल्याने या वेळी डॉक्टरांना प्रश्नोत्तरांत गुंतवावयाचे नाही, असे ठरले. ते रोज ज्या तक्त्यावर नोंदी करीत तशाच तक्त्याचे चित्र पडद्यावर उभे करावयाचे, त्यांनी नेहमीप्रमाणे आकडे भरावयाचे आणि मात्रेची सूचना यंत्राने आपणहून पुढे ठेवावयाची. १९८१ मध्ये हे साधन तेथील कर्करोग चिकित्सालयात प्रत्यक्ष कामाला लागले.

याहूनही महत्त्वाचे काम कागदावर झाले. खास समिती बसवून ज्या अभ्यासाची सोय एकट्या शॉर्टलिफसाठी करावी लागली होती, तिचा रीतसर अभ्यासक्रम आखण्यात आला, आणि १९८२ साली विद्यापीठाने वैद्यकीय माहितीशास्त्रात एम.एस. व पीएच.डी. या पदव्या देण्यास मान्यता दिली. विद्यार्थ्याने संगणकशास्त्र शिकावे, निर्णयशास्त्र व संख्याशास्त्र शिकावे, वैद्यक व जीवशास्त्र यांची जाण मिळवावी, आणि आरोग्यव्यवस्थेचे सामाजिक प्रश्नही टाळू नयेत, अशी त्याची घडण होती. राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने विद्यावेतनाची तरतूद केली. ग्रंथालयाने पुढाकार घ्यावा हे उचितच होते, कारण वैद्यकीय ज्ञानाची सूची राखण्याचा शंभर वर्षांचा वारसा त्याच्याकडे होता. या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या मंडळींनी इतर विद्यापीठांत विभाग काढले, रुग्णालयांचे माहितीविभाग सांभाळले, आणि शॉर्टलिफ व सहकाऱ्यांचे १९९० चे पाठ्यपुस्तक हे या विद्येचे मान्य क्रमिक पुस्तक झाले.

यंत्र मात्र जुने होत गेले. १९८३ च्या सुमारास पीडीपी-१० चा भार नव्या यंत्राने घेतला. मग प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र संगणक आला, आणि ज्या टंचाईमुळे वाटणीचा करार करावा लागला होता ती टंचाईच उरली नाही, म्हणून १९९० नंतर सुमेक्सचा कारभार आटोपता घेण्यात आला. ज्ञानाचे तुकडे नियमांच्या रूपाने एकेक लिहिण्याऐवजी त्या त्या क्षेत्रातील तज्ज्ञानेच ते भरावेत, यासाठी शॉर्टलिफ यांचे विद्यार्थी मार्क म्यूसेन यांनी १९८७ मध्ये सिद्ध केलेले ‘प्रोटेजे’ हे साधन त्या परंपरेतून निघाले आणि ते अद्याप जगभर मोफत वापरले जाते. स्टॅनफर्डचे जैववैद्यक माहितीशास्त्र संशोधन केंद्र याच वंशातील होय.

आपल्याकडे या विद्येची जीवशास्त्रीय शाखा आधी रुजली. केंद्र सरकारने १९८६ साली जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन केला, आणि त्याने एकच मोठी संस्था काढण्याऐवजी देशातील निरनिराळ्या विद्यापीठांत व संशोधनसंस्थांत माहितीची केंद्रे वाटून देऊन ती एका जाळ्यात जोडण्याचे धोरण स्वीकारले. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये अशोक कोळसकर यांच्या नेतृत्वाखाली जे जैवमाहितीशास्त्र केंद्र निघाले ते या जाळ्यातले. विषाणुशास्त्राची राष्ट्रीय संस्था त्याच शहरात असल्याने प्राण्यांच्या विषाणूंची माहिती संकलित करण्याचे काम त्याने अंगावर घेतले, आणि जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या बाह्य प्रथिनाची त्रिमित रचना संगणकावर उभी करण्यापर्यंत ते नेले. कोळसकर व प्रसाद टोंगावकर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेली एक रीत, प्रथिनातील अमिनो आम्लांचा नुसता क्रम पाहून त्यातील कोणत्या भागाविरुद्ध शरीर प्रतिद्रव्ये तयार करील याचा अंदाज बांधते. त्या अंदाजांची अचूकता लेखकांनी सुमारे ७५ टक्के नोंदविली होती. लस बनविण्याच्या पहिल्या पायरीवर कोणता तुकडा निवडावा हे ठरविताना ती रीत आजही वापरात आहे, आणि प्रतिकारशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय माहितीसंग्रहात ती दोघांच्या आडनावांनी, कोणासही विनामूल्य वापरता येईल अशी, ठेवलेली आहे.